झेंड्याचे रंग घ्या, पण टेबलावर झेंडा नको

वाचकाचं पत्र:

"ताई, आमच्या सोसायटीत पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की खालच्या हॉलमध्ये कार्यक्रम असतो. एका लांब टेबलावर गांधीजी आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, समई, हारांचं ताट आणि भाषणं संपली की त्याच टेबलावर जिलेबी, चिवडा नि चहा. दरवर्षी त्यावर प्लॅस्टिक अंथरतात, ते मला बघवत नाही. यंदा मी सांगून बसले की टेबलावर घालायला तिरंगी गोधडी मी शिवून देते. टेबल ५ फूट लांब आणि अडीच फूट रुंद आहे. केशरी, पांढरा, हिरवा असे ९ इंच रुंदीचे, दीड मीटर लांबीचे तीन पट्टे जोडूनही झाले. मधे निळं अशोकचक्र कापून लावणार होते. ते पाहून सासूबाई म्हणाल्या, 'ज्याला सलाम करायचा, त्याच्यावर कपबश्या ठेवणार का?' हे म्हणतात, एवढं कोण बघतंय, भावना चांगली आहे ना! माझा धीरच गेला. देशासाठी प्रेमानं काही करायला जावं तर त्यातही चूक? हे पट्टे आता टाकून देऊ का? मला साधी शिवण येते, पायाचं मशीन आहे, सासूबाईंनी पूर्वी गोधड्या शिवल्या आहेत, मी कधी शिवलेली नाही. — एक वाचक, सांगली"

नमस्कार.

सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे, आणि तुमचे पट्टेही वाया जाणार नाहीत. या दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला निवांतपणे वाचता येईल.

तुमची कल्पना मला मनापासून आवडली. वर्षातून एकदा सगळे एकत्र जमतात त्या टेबलावर हातानं शिवलेलं काही असावं, ही इच्छा चुकीची कशी असेल? झेंड्यासाठी बायकांनी पुढे होणं या देशाला नवं नाही. १९०७ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत स्टुटगार्टला मादाम कामांनी हिंदुस्थानचा म्हणून जो झेंडा फडकावला, तो आज पुण्यात केसरीवाड्यात जपून ठेवलेला आहे. वर हिरवा, मधे पिवळा, खाली तांबडा. हिरव्यावर कमळं, पिवळ्यावर 'वंदे मातरम्', तांबड्यावर सूर्य आणि चंद्र. पुण्याला जाल तेव्हा मुद्दाम पाहून या. आणि १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री घटना समितीत देशातल्या स्त्रियांच्या वतीनं राष्ट्रध्वज अर्पण केला तो हंसाबेन मेहतांनी. तेव्हा तुमच्या हातांना हे काम करावंसं वाटलं यात मला नवल वाटत नाही.

अडचण आहे ती टेबलाची. झेंड्याला कसलंही काम लावायचं नसतं. तो कशावर अंथरत नाहीत, त्यानं काही झाकत नाहीत, त्याच्यावर काही ठेवत नाहीत. टेबलावरच्या कापडाला मात्र कामच करायचं असतं. समईचं तेल सांडणार, हारांचं पाणी ओघळणार, कुंकू पडणार, जिलेबीचा पाक लागणार, कोणीतरी त्याच्या कोपऱ्याला हळूच हात पुसणार. ज्या कापडाच्या नशिबी हे सगळं आहे, त्याला झेंड्याचं रूप द्यायचं नाही. सासूबाईंनी हे एका वाक्यात सांगितलं.

कायदाही हेच सांगतो. राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध कायदा १९७१ चा. त्यात नंतर झालेल्या दुरुस्त्यांनी बऱ्याच गोष्टी नेमक्या लिहून काढल्या आहेत: राष्ट्रध्वज कसल्याही प्रकारे आच्छादन म्हणून वापरायचा नाही (शासकीय इतमामातले अंत्यसंस्कार आणि सैन्यदलांचे व निमलष्करी दलांचे अंत्यसंस्कार एवढाच त्याला अपवाद), आणि तो उशांच्या अभ्र्यांवर, रुमालांवर, नॅपकिनवर भरायचा किंवा छापायचा नाही. २००२ ची ध्वजसंहिता तर सरळ टेबलावरच येते: वक्त्याच्या मेजावर झेंडा अंथरू नये. 'पण मी कुठे झेंडा अंथरतेय, मी तर गोधडी शिवतेय' असं तुम्ही म्हणाल. म्हणूनच कायद्यातली व्याख्या माहीत असलेली बरी. तिच्यात झेंड्याचं किंवा त्याच्या एखाद्या भागाचं चित्र, ते कशावरही काढलेलं वा कशाचंही केलेलं असो, झेंड्यातच धरलं आहे. तीन आडवे पट्टे, वर केशरी, खाली हिरवा, मधोमध चोवीस आऱ्यांचं निळं चक्र, असं कापड टेबलभर पसरलं तर बघणाऱ्याला तो झेंडाच दिसणार.

तुमच्या यजमानांना एवढंच सांगा की हा कायदा सार्वजनिक जागेला आणि लोकांच्या नजरेसमोरच्या जागेला लागू आहे, आणि सोसायटीच्या हॉलमध्ये त्या दिवशी सगळेच बघत असतात. मात्र हे मी धाक घालायला लिहीत नाही. भावना चांगली आहे, हा त्यांचा मुद्दा न्यायालयांनीही विचारात घेतला आहे. तिरंगी नकाशा आणि चक्र काढलेला केक कापल्याचं एक प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापुढे आलं होतं. २०२१ मध्ये न्यायालयानं त्यात अवमान मानला नाही. अपमान करण्याचा हेतूच नव्हता, हे पाहिलं गेलं. तेव्हा तीन पट्टे जोडले म्हणून तुमच्या हातून काही अपराध घडला, असं मनात आणू नका. तुमचं काम अर्ध्यावर आहे, ते वेगळ्या वाटेनं पुरं करायचं, इतकंच.

आता ती वाट.

रंगांना कुठेच बंदी नाही. केशरी, पांढरा, हिरवा आणि निळा हे रंग एका कापडात आले म्हणजे काही झेंडा होत नाही. झेंडा होतो तो तीन सारख्या आडव्या पट्ट्यांनी, त्यांच्या क्रमानं आणि चक्रानं. हा क्रम मोडायचा, रंग कापडभर विखरून टाकायचे आणि चक्र लावायचंच नाही. मी सुचवते ती नक्षी भिरभिऱ्याची. पंधरा ऑगस्टला पोरं काठीला कागदी भिरभिरं लावून पळत असतात ना, तीच. एक केशरी-पांढरं भिरभिरं, त्याच्या शेजारी हिरवं-पांढरं, पुन्हा केशरी, अशी बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी. भोवती निळी किनार. कापड लांबून पाहिलं तरी दिवस कुठला ते कळेल आणि त्यावर चहाचा कप ठेवताना कोणाचा हात अडणार नाही.

माप असं धरा. एक भिरभिरं तयार झाल्यावर ६ इंच चौरस. रुंदीला ३ आणि लांबीला ७, म्हणजे एकूण २१ भिरभिरी. त्यातली ११ केशरी, १० हिरवी. ते झालं १८ बाय ४२ इंच. चारी बाजूंनी २ इंचांची निळी किनार लावली की टॉपर, म्हणजे टेबलाच्या मधोमध घालायची ही छोटी गोधडी, साधारण २२ बाय ४६ इंचांचा होतो. तुमचं टेबल ३० बाय ६० इंच आहे, म्हणजे सगळीकडून टेबल थोडं उघडं दिसेल. खाली धुतलेली पांढरी चादर घाला आणि मधोमध हा टॉपर. सगळं टेबल झाकायच्या फंदात पडू नका. काठावरून लोंबणारं कापड गर्दीत कोणाच्या तरी साडीत, पर्सच्या बंदात अडकतं आणि वरची समई हलते.

पट्टे आधी उसवा. तिन्ही एकत्र असताना त्यांच्यावर कात्री चालवू नका, एकेक शिवण सोडवा. कायद्यानं तसं करायलाच हवं असं नाही, पण मला ते बरं वाटतं, आणि सासूबाईंनाही वाटेल. वर, शिवणीच्या आत गेलेलं कापडही पूर्ण हाती लागतं.

मग धुणं. या सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती याच पायरीची, म्हणून जरा सविस्तर लिहिते. केशरी, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग पांढऱ्याला लागूनच बसणार आहेत. यांतला एक जरी सुटला तरी पांढऱ्यावर डाग येतील आणि ते निघायचे नाहीत. प्रत्येक रंग वेगळ्या बादलीत गार पाण्यात भिजवा, चोळा, पिळा, पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा. मीठ किंवा व्हिनेगर घातलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण आजच्या रंगांना त्याचा भरवसा नाही. जास्तीचा सुटा रंग पाण्यानं काढून टाकणं हाच खरा उपाय. नंतर ओल्या रंगीत कापडावर पांढऱ्या कापडाचा तुकडा ठेवून वरून गरम इस्त्री दाबून धरा. पांढऱ्यावर रंग उमटला तर आणखी धुवा. तरीही उमटत राहिला तर ते कापड बाजूला ठेवा, दुसरं आणा. निळ्याच्या बाबतीत तर ही परीक्षा चुकवूच नका, गडद निळा सगळ्यात दगा देतो.

हे सगळं पावसाळ्यात चाललंय, कापड वाळायला वेळ लागतो. जुलैत ऊन पडलेला दिवस दिसला की धुऊन घ्या. दमट कापड कापायला घेतलं तर वाळल्यावर चौकोन लहान होतात.

कापड कोणतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. सुती असेल तर उत्तम. बाजारात ऑगस्ट आला की चकचकीत साटीनचे तिरंगी पट्टे मिळतात. तुमचे तसले असतील तर ते दुसऱ्या कशाला तरी ठेवा. साटीन निसटतं, त्याचे काठ सुटतात, इस्त्रीनं आकसतं आणि त्रिकोण नीट बसत नाहीत. पॉपलीन किंवा केंब्रिक चांगलं. खादी हवी असेल तर बारीक पोताची घ्या आणि आकसणं धरून चौथाई कापड जास्त आणा. तुमचे पट्टे सुती आहेत असं धरून पुढचं सांगते. त्यांच्याशिवाय लागेल ते असं: पांढरं आणखी अर्धा मीटर, निळं पाऊण मीटर आणि खालच्या बाजूला लावायला दीड मीटर मांजरपाट. मांजरपाट धुतल्यावर चांगलंच आकसतं, तेही आधी धुवायचं.

आता कापणं. ४ इंचांचे चौकोन हवेत: केशरी २२, हिरवे २०, पांढरे ४२. धुऊन आकसलेल्या तुमच्या एका पट्ट्यात रुंदीला दोन बसतात, लांबीला तेरा-चौदा सहज. म्हणजे केशरी आणि हिरवे तुमच्याच पट्ट्यांतून पुरे होतील, पांढरे थोडे नव्या कापडातून. नव्या नि जुन्या पांढऱ्यात उन्नीस-बीस फरक असला तर दोन्ही मिसळून लावा, एका बाजूला साचू देऊ नका. पुठ्ठ्याचा ४ इंचांचा नेमका चौकोन करून त्यानं आखा. सगळी शिवण या चौकोनांच्या काटकोनावर उभी राहते.

त्रिकोण मात्र कापायचे नाहीत. नवशिक्या बायका त्रिकोण कापून मग जोडायला जातात, आणि तिरकी कापलेली उरेब कड मशीनखाली ताणली जाते, तुकडा वाकडा होतो. एक पांढरा आणि एक रंगीत चौकोन सुलट बाजू समोरासमोर ठेवा. पांढऱ्यावर पेन्सिलीनं एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढा. रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच सोडून शिवण मारा. आता रेघेवर कापा. दोन चौकोन तयार, अर्धे पांढरे, अर्धे रंगीत. उघडून शिवणीची कापडं रंगीत बाजूकडे दाबा, नाहीतर पांढऱ्यातून रंग आत डोकावतो. इस्त्री घासत नेऊ नका, उचलून ठेवत दाबा. हा तुकडा साडेतीन इंचांपेक्षा सूतभर मोठा येतो. तो मोजून नेमका साडेतीन इंचांचा छाटा, आणि छाटताना तिरकी शिवण बरोबर कोपऱ्यातून जाते आहे ना ते बघा. हे छाटणं कंटाळवाणं आहे, तरी एकही तुकडा सोडू नका. इथे सूतभर चुकलं तर सातव्या भिरभिऱ्यापर्यंत जाताना ओळ बोटभर सरकलेली असते.

पायाच्या मशीनच्या फुटाची कड पाव इंचावर असतेच असं नाही. सुईपासून पाव इंच मोजून मशीनच्या पत्र्यावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि कापडाची कड तिला टेकवून शिवत जा. सुई १४ नंबरची, टाका बारीक.

एका भिरभिऱ्याला असे चार तुकडे लागतात. ते मशीनशेजारी पाटावर मांडूनच ठेवा, सगळी पाती एकाच दिशेला फिरलेली. आधी दोन-दोन जोडा, मग दोन जोड्या एकमेकींना. मधे चार टोकं एकत्र येतात तिथे जाडी साठते. शिवणी एकीची डावीकडे, दुसरीची उजवीकडे दाबल्या तर त्या एकमेकींत बसतात आणि टोकं जुळतात. तिथे टाचणी लावा आणि सुई अगदी जवळ येईपर्यंत काढू नका. एकवीस भिरभिऱ्यांत दोन-तीन टोकं थोडी हललेली असली तर असू द्या, उसवत बसू नका. उसवून पुन्हा शिवलेलं सुती कापड सैल पडतं आणि आधीपेक्षा वाईट दिसतं.

तीन-तीनच्या सात ओळी करा, ओळी एकमेकींना जोडा, आणि निळ्याच्या अडीच इंच रुंदीच्या पट्ट्या, आधी लांब बाजूंना, मग आखूड बाजूंना. इथपर्यंतचं काम तुमचं. पुढचं काम सासूबाईंना विचारून करा, असा माझा आग्रह आहे. त्यांनी गोधड्या शिवल्या आहेत हे तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात, पण तुमच्याजवळ असलेली ही सगळ्यात मोठी शिदोरी आहे. ज्यांनी हरकत घेतली त्यांचाच हात या कामाला लागला, तर सोसायटीत कोणी काही विचारलं तरी उत्तर द्यायला दोघी असाल.

मधल्या थरासाठी बाजारातला जाड फोम किंवा फायबर आणू नका. पलंगावर तो चालतो, टेबलावर नाही. मऊ फुगलेल्या कापडावर समई डुगडुगते, पेले कलंडतात. गोधडीत आपल्याकडे जे घालत आले तेच घाला, जुनी सुती साडी. सासूबाईंची एखादी विरलेली असेल तर तिची दुहेरी घडी पुरेल. वापरून वापरून मऊ झालेल्या साडीचं आकसणं कधीच संपलेलं असतं आणि सुई तिच्यातून सहज जाते. साडीचा काठ आणि पदर कापून काढा, तिथे जाडी येते.

खाली मांजरपाट, त्यावर साडी, वर भिरभिऱ्यांचं कापड. खालचे दोन्ही थर वरच्यापेक्षा सगळीकडून दोन-दोन इंच मोठे ठेवा. जमिनीवरची सतरंजी काढून टाका, फरशीवर मांजरपाट ताणून कडांना चिकटपट्टी लावा, मग बाकीचे थर हातानं सपाट करत पसरा. मधून बाहेरच्या बाजूला लांब लांब कच्चे टाके घालत जा, हातभर अंतरावर नाही, चार-चार बोटांवर. या कच्च्या टाक्यांचा कंटाळा केला तर खालचं कापड गोळा होतं आणि ते शेवटी दिसतं.

पक्की शिवण हातानंच घाला. साध्या मशीनवर तिन्ही थर एका वेगानं पुढे सरकत नाहीत, वरचा थर मागे राहून चुण्या पडतात. हातानं धावदोरा घालायचा, कडेनं सुरू करून चौकोनी फेऱ्या मारत आत यायचं, आपल्या गोधडीची हीच रीत. फेऱ्यांत एक-एक इंचाचं अंतर ठेवलंत तर अकरा फेऱ्यांत मधोमध पोहोचाल. दोरा जाड सुती आणि निळा. चक्राचा निळा रंग मला या धावदोऱ्यात आणायचा आहे, केशरीवरून, पांढऱ्यावरून, हिरव्यावरून सारखा फिरत जाणारा. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नका, मेणावरून एकदा ओढून घ्या म्हणजे गुंता होत नाही. मधल्या बोटात अंगुस्तान घाला. टाके अगदी सारखे आलेच पाहिजेत असं नाही; सासूबाईंचे टाके आणि तुमचे टाके वेगळे ओळखू आले तर मला तरी ते फार सुंदर वाटेल.

शेवटी कडा छाटून गोट. निळ्याच्या अडीच इंचांच्या पट्ट्या जोडून साधारण दीडशे इंच लांबी करा, उभी दुमडून इस्त्री करा. उघड्या कडा टॉपरच्या कडेला लावून पाव इंचावर मशीन मारा, मग दुमडलेली कड मागे वळवून हातानं तुरपाई. कोपरा आला की पाव इंच आधी थांबायचं, पट्टी सरळ वर दुमडायची आणि तिथेच खाली आणून पुढच्या बाजूनं सुरू करायचं, म्हणजे कोपरा नीट टोकदार होतो.

एक जास्तीची गोष्ट, वेळ असेल तरच. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका आपल्या कवंदीच्या, म्हणजे त्यांच्या गोधडीच्या, चारही कोपऱ्यांना रंगीत कापडाच्या त्रिकोणी घड्या लावतात, त्यांना फुला म्हणतात. फुल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. उरलेल्या केशरी आणि हिरव्या तुकड्यांच्या तशा घड्या करून गोट लावण्याआधी कोपऱ्यांत अडकवल्यात तर फार गोड दिसतील.

आता झेंड्याचं. तुम्हाला टेबलावर तिरंगा हवाच असेल तर तो झेंडा म्हणूनच येऊ दे, मानानं, उभा. ध्वजसंहितेत टेबलावर ठेवायच्या झेंड्याचं मापच दिलेलं आहे, १५० बाय १०० मिलिमीटर. छोट्या स्टँडवरचा असा झेंडा आणा आणि तो तसबिरींच्या ओळीत, काही सांडणार नाही अशा जागी ठेवा. खादीचा हवा असेल तर खादी भांडारात चौकशी करा. आपल्या नांदेडला आणि हुबळीजवळच्या बेंगेरीला खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात. कार्यक्रम संपला की सगळ्यात आधी तो झेंडा उचलून घडी करून ठेवायचा, आणि मग जिलेबीचे ट्रे मांडायचे. हे काम एखाद्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्या, त्यांना ते जबाबदारीचं वाटतं. मुलांच्या हातातले कागदी झेंडे खाली पडलेले दिसले तर तेही त्याच वेळी गोळा करून घ्या.

समईखाली पितळेची ताटली ठेवायला विसरू नका. तरी तेल सांडलंच तर लगेच पाणी लावू नका. त्यावर डाळीचं पीठ किंवा पावडर दाबून ठेवा, तेल शोषलं गेलं की झटका आणि मग साबणानं धुवा. कुंकू कोरडं असतानाच झटकून काढा, ओलं बोट लावलं की ते पसरतं. पाकाला आणि चहाला गार पाणी पुरतं, फक्त त्याच दिवशी धुवायला हवं. पिळायचं नाही, दाबून पाणी काढायचं आणि सावलीत आडवं वाळवायचं; पावसाळी हवेत पंख्याखाली ठेवा, कारण आतली साडी वरून कोरडी वाटली तरी ओली असते आणि घडी घातली तर कुबट वास धरते. पूर्ण वाळल्यावर जुन्या सुती कापडात गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. २६ जानेवारीला तो पुन्हा लागेलच.